शोभाच्या ओळी

९ फेब्रुवारी
शोभाला दवाखान्यातून घरी आणून आज अकरा दिवस. लकव्याने उजवा हात, उजवा पाय गेलेला. बोलणंही गेलं. एकच शब्द उरलाय, 'तेच'. चहा देऊ? तेच. पंखा बंद करू? तेच. डॉक्टर म्हणाले, त्यांना बरंच समजतं, पण शब्द सापडत नाहीत. लेकीची, प्राजक्ताची, रजा संपली, ती कामावर. मी गोडाऊनची सकाळपाळी मागून घेतली. मी येईतोवर शेजारच्या हंसाबेन बसतात. भली बाई.

१२ फेब्रु.
मिलिंदचा फोन. त्याच्या गायन पार्टीला भीमजयंतीसाठी नवं गाणं हवंय. म्हणाला, "काका, काकूंचं माहितीये मला. निदान मुखडा द्या, चाल लावायला घेतो." हो म्हणालो. का म्हणालो?
संध्याकाळी वही घेऊन बसलो. 'पेटवू मशाल, क्रांती विशाल'. फाडलं. असलं कुणीही लिहितं.

१५ फेब्रु., रवि.
काही सापडतंय का म्हणून जुन्या वह्या काढल्या. नको काढायला हव्या होत्या.
'दोन हंडे भरले की तिसऱ्याला नळ रुसतो' ही ओळ शोभाची. पूनम सागर वसाहतीत भाड्याने राहायचो तेव्हा बादली आपटत बोलली होती. मी पेपरच्या कडेला लिहून घेतली. 'पोरगी शिकली, माझी सही सुधरली', हेही तिचंच, प्राजक्ताच्या शाळेतून आल्यावर. पानापानावर तीच. मी फक्त यमक जुळवलं.
गोडदेवच्या विहारात माझा सत्कार झाला तेव्हा कुणीतरी विचारलं, सुचतं कसं? मी माइकवर ऐटीत म्हणालो, "रोजच्या जगण्यातून." घरी येऊन ती शालीची घडी घालत म्हणाली, "रोजचं जगणं म्हंजी मीच की हो." हसलो होतो दोघं. नाव मात्र एकाही गाण्याखाली दिलं नाही तिचं. तिनं मागितलं नाही, मला सुचलं नाही.

१८ फेब्रु.
आज ठरवून बाजारात गेलो, लोकांचं बोलणं ऐकायला. मासळीवालीसमोर वही घेऊन उभा. ती भडकली, "घ्यायचा हाय का न्हाय? मगापासना लिवतो काय?" चार बोंबील घेऊन आलो. कानात काहीच शिरलं नाही. तीस वर्षं दुसऱ्याच्या कानाने ऐकत होतो की काय.

२३ फेब्रु.
बोलणं शिकवायला बाई येतात त्या म्हणाल्या, "गाऊन बघा त्यांच्यासोबत. बोलता येत नाही अशांना कधीकधी गाता येतं." माझा विश्वास नाही बसला.

२६ फेब्रु.
दुपारी भात भरवताना नळाचं गाणं म्हटलं. माझा आवाज भसाडा. 'दोन हंडे भरले की' म्हटलं, घास चमच्यात घ्यायला थांबलो, आणि ती गायली. 'तिसऱ्याला... नळ रुसतो.' स्पष्ट. पूर्ण.
भात सांडला सगळा. प्राजक्ताला फोन केला तर मलाच बोलता येईना. ती ऑफिसात घाबरली, "पप्पा, काय झालं? आई बरी आहे ना?"

२ मार्च
रोज गातो. जुन्या ओळी येतात तिला, बोलणं मात्र 'तेच'च.
आज वेगळं झालं. मी कपडे वाळत घालत होतो. ती पलंगावर, डाव्या हाताने उजवा हात चोळत. नळाचीच चाल, पण शब्द नवे. 'हात माझा... कुणाचा गं.' दोनदा.
आणि मी काय केलं? जवळ गेलो? नाही. खिशातलं पेन काढलं.
तिने पाहिलं. गाणं थांबलं. भिंतीकडे तोंड केलं. जेवली नाही. प्राजक्ताने भरवून पाहिलं, तरी नाही.

५ मार्च
तीन दिवस गाणं नाही. मी सुरू करतो, ती ऐकते, ओठ मिटलेले.
ती ओळ डोक्यातून जात नाही. पुढचं कडवंही तयार होतंय, मी न बोलावता. लाज वाटते आणि लिहावंसंही वाटतं. मिलिंदचे चार मिस्ड कॉल.

७ मार्च
संध्याकाळी पलंगाशेजारी बसलो. सरळ विचारलं, "शोभा, तुझी ओळ आहे. खाली तुझं नाव टाकतो. लिहू का?"
तिने मान हलवली. हो.
प्राजक्ता दारात उभी होती. "पप्पा, हो म्हणाली ती!" मलाही तसंच वाटलं. वही उघडली. मग शिकवणाऱ्या बाईंचं कालचं बोलणं आठवलं, अजून त्यांच्या हो-नाहीवर भरवसा ठेवू नका, मनात एक असतं, मान भलतीच हलते.
म्हणून उलटं विचारलं, "नको लिहू?"
तेव्हाही तशीच मान हलवली. माझ्याकडेच बघत होती, एकटक.