कंसातलं काम

आई, माझ्या कपड्यांच्या आत, मानेपाशी, माझं नाव शिवलेलं आहे. पांढऱ्या फितीवर काळा धागा, नाव आणि आडनाव दोन्ही. सगळ्या कपड्यांना. इथल्या कपडेपटात ट्रंका नसतात, चाकं लावलेल्या लोखंडी दांड्या असतात, आणि त्यातली एक दांडी या टोकापासून त्या टोकापर्यंत माझी एकटीची आहे. बाकीचं नंतर, हे आधी सांगायचं होतं, कारण तू कायम दुसऱ्या बायकांची ब्लाउजं घालून स्टेजवर गेलीस. ती बाई अंगानं जास्त असली की तुझ्या पाठीवर सेफ्टी पिनांची रांग, आणि ती बारीक असली की तू श्वास धरून म्हणायचीस, "आज जोरात हसायचा सीन आला तर मेले मी." मी विंगेत स्टुलावर बसलेली असायचे आणि उरलेल्या पिना माझ्या फ्रॉकच्या घेराला टोचलेल्या असायच्या. खाली बसताना जपून बसावं लागायचं.

मी मेलबर्नमध्ये असते आणि एका अमेरिकन म्युझिकलमध्ये काम करते. म्युझिकल म्हणजे आपलं संगीत नाटक नव्हे. आपल्याकडे नटाचं गाणं रंगलं की लोक वन्स मोअर देतात आणि तो पुन्हा गातो. मागच्या महिन्यात इथल्या क्लेटन उपनगरातून माझ्या ओळखीतली दोन मराठी कुटुंबं बघायला आली होती, त्यातले एक काका भर गाण्यानंतर "वन्स मोअर!" म्हणून ओरडले. शेजारच्या गोऱ्या बाईनं विचारलं म्हणे, "आर यू ओके?" इथे वन्स मोअर नाही. वाजवणारे स्टेजसमोरच्या खड्ड्यात बसतात आणि एकदा सुरू झालं की सगळं सुटलेल्या आगगाडीसारखं चालतं. तर आमची गोष्ट आहे अमेरिकेतल्या एका नदीकाठच्या गावातल्या धोबीखान्याची. त्यात नऊ बायका आहेत, त्या गातात, नाचतात, दुसऱ्या अंकात शिड्यांवर चढून एकमेकींकडे चादरी फेकतात. मी त्या नऊजणींपैकी नाही. माझ्या कामाला स्विंग म्हणतात. नऊजणींची नऊ कामं मला पाठ, आणि जी कुणी आजारी पडेल तिच्या जागी मी. कुणीच आजारी पडलं नाही तर मी वरच्या खोलीत बसून स्पीकरवर नाटक ऐकते आणि टोस्ट खाते. म्हणजे तुझ्या भाषेत रिप्लेसमेंट. तुमच्या कपडेपटातल्या त्या काकांच्या भाषेत बदलीबाई.

मला अजून दिसतं, तू पतपेढीतून घरी आलेली असतेस, पोळ्या लाटत असतेस, आणि फोन वाजतो. तू रिसीव्हर मान आणि खांद्यात धरतेस. "कधी? उद्याच? कोण, ती? काय झालं तिला? घसा?" मग गॅस बंद. मला म्हणतेस, "उरलेल्या तू लाट. गोल नको बघूस, भाजल्या तर पुरे." माणूस नाटकाची संहिता आणून देतो आणि आपण दोघी ओट्यापाशी बसतो. तू तुझी वाक्यं म्हणायचीस आणि बाकी सगळं जग मी. नवरा मी, सासू मी, दारावरचा पोस्टमन मी. एकदा मी जोरात वाचलं, "मला या घरात किंमत नाही रागाने पेला आपटतो." तू आधी पोट धरून हसलीस आणि मग माझ्या डोक्यात टपली मारलीस. "अगं ए, कंसातलं वाचायचं नसतं. कंसातलं करायचं असतं!" मी लगेच ओट्यावरचा पेला आपटला. स्टीलचा होता, त्याला पोचा पडला, आणि बाबा आतून म्हणाले, "नाटकवाल्यांनो, घर ठेवा थोडं." आई, आता माझ्या वाट्याला आलंय ते सगळं कंसातलंच आहे. स्वतःचं असं एक वाक्य नाही. डावीकडून येते, वळते, चादर झेलते, जाते. नऊ वेळा नऊ तऱ्हांनी.

तू मला एकदाच नाटक समोर बसून बघायला दिलंस. तिसऱ्या घंटेआधी माइकवरून सांगितलं की आज अमुक भूमिका अमुक यांच्याऐवजी, आणि तुझं नाव आलं. माझ्या मागच्या रांगेतल्या बाई म्हणाल्या, "अगंबाई, ती नाहीच्चे? मग काय राहिलं बघायला!" आणि सगळ्या थिएटरात तो एक आवाज झाला. ओरडणं नव्हे, कुजबुजही नव्हे. दुधावरची साय काढताना चमचा घसरून परत आत पडला की आपण 'च्च' करतो ना, तसा, पण शेकडो लोकांचा. तो विंगेत पोचला होता. नंतर मेकअपरूममध्ये मी तुझ्या पाठीच्या पिना काढत होते तेव्हा तू आरशात माझ्याकडे न बघता म्हणालीस, "तू मात्र कुणाच्या बदली उभी राहू नकोस हं. छोटं असू दे, पण स्वतःचं काहीतरी एक धर." मी हो म्हटलं. पुढच्या वर्षी तुला कावीळ झाली आणि ती उतरलीच नाही. त्यामुळे तू मला मागितलेली शेवटची मोठी गोष्ट हीच राहिली, आणि बाबांनी ती जपून ठेवली.

नंतरचं तुला माहीत नाही. बाबांना ऑस्ट्रेलियात वॉलॉंगॉंगजवळ पोलादाच्या कारखान्यात नोकरी लागली, आणि आम्ही समुद्राकाठी राहायला आलो. मी शाळा कशीबशी संपवली. मग क्लेटनला युनित, म्हणजे विद्यापीठात गेले, अकाउंटिंगला, आणि दुसऱ्या वर्षी सोडून दिलं. मग पार उत्तरेला, डार्विन. तिथे हॉस्पिटलच्या किचनमध्ये ट्रे लावायचे. डार्विनला रस्त्याकडेच्या झाडांना आंबे लागतात आणि कुणी उचलत नाही, आई, खाली पडून सडतात. मी पिशव्या भरभरून आणायचे आणि एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत झाडं शोधत फिरायचे. अशीच फिरताना एका हॉलमधून लाकडावर लोखंड वाजल्यासारखा आवाज आला. आत एक म्हातारी पाच-सहा बायकांना टॅप, म्हणजे बुटांना पत्रे ठोकून करायचा नाच, शिकवत होती. एसी नाही, घामाच्या धारा. मी आंब्यांची पिशवी दारात ठेवली आणि आत गेले ती पावसाळा संपेपर्यंत जातच राहिले. बाबा फोनवर म्हणायचे, "आता हे काय नवीन?" विषय भरकटला. पण माझं सगळं असंच झालंय, भरकटत. पुढे जाझ शिकले, गाणं शिकले, आणि इथली ऑडिशन दिली तीही मैत्रिणीला सोबत म्हणून गेले होते म्हणून.

हा नाच बसवणारी बाई न्यूयॉर्कहून आली. साठीची असेल, गुडघ्याला पट्टा, हातात कायम थंड झालेली कॉफी. मी नऊजणींतल्या एका उंच मुलीचं काम शिकत होते आणि तू करायचीस तेच करत होते. तू मूळ नटीचे आधी बघितलेले प्रयोग आठवून तिचं सगळं उचलायचीस, मान कशी वेळावते, पदर कसा सावरते, लोकांना फरक कळू नये म्हणून. मीही त्या उंच मुलीचं हसू उचललं, जसंच्या तसं. बाईनं पियानो थांबवला. "ते कुणाचं हसू आहे?" मी म्हटलं, "तिचं." "तिला परत दे. तिला लागतं ते. तू तिचे फक्त पाय घे. चेहरा घरून आण." सगळे हसले, मीही हसले, पण त्या दिवशी ट्राममध्ये माझे दोन स्टॉप चुकले. नंतर जेवताना ती मला म्हणाली की तीसुद्धा तरुणपणी स्विंगच होती. "माझ्या आईनं मला स्टेजवर कधीच बघितलं नाही," ती म्हणाली. "मी कधी उभी राहणार ते मलाच जेवायच्या वेळेपर्यंत ठाऊक नसायचं, तिला काय सांगणार?" मी विचारलं, मग दुसरं काम का नाही घेतलं? ती म्हणाली, "घेतलं होतं. एका जागी उभं राहून पाय दुखले."

बुधवारचा दुपारचा प्रयोग होता. समोर शाळांची पोरं, चिप्सच्या पाकिटांचा आवाज. मध्यंतरात स्टेज मॅनेजर माझ्या खोलीच्या दारात आला. "सहा नंबर. तू जाते आहेस." मी टोस्ट खाली ठेवला. सहा नंबरवाली जिन्यावर पाय मुरगळून बसली होती, घोट्यावर बर्फ. एकजण माझे केस विगखाली बसवत होती, दुसरा माझ्या गालाला माइक चिकटवत होता, आणि सहा नंबरवाली जमिनीवरून ओरडून सांगत होती, "तिसरी शिडी हलते हं मेट! डाव्या पायावर जोर देऊ नकोस!" "नो वरीज," मी म्हटलं, माझा आवाज मलाच ओळखू येईना. तेवढ्यात माइकवरून सांगितलं की दुसऱ्या अंकात एक बदल आहे. माझं नाव त्या माणसानं इतकं चुकीचं उच्चारलं की मलाही क्षणभर वाटलं, ही कोण? मी कान देऊन उभी राहिले, सायीच्या त्या आवाजासाठी. आला नाही. पोरं चिप्स खात होती. पडदा वर गेला, आणि मी डावीकडून आले, वळले, शिडी चढले, आणि वरून आलेली चादर माझ्या हातात आली.

घोट्याचं दुखणं लांबलं, आणि सहा नंबरवाली आता परत येणार नाही. नाटक इथून ब्रिस्बेनला आणि पुढे पर्थला जाणार आहे, आणि तिची जागा मला कायमची देऊ केली आहे. तिला दोन वाक्यं आहेत, पात्राला नाव आहे, कार्यक्रमपत्रिकेत फोटो येतो. सोमवारपर्यंत सांग म्हणाले. मी नाही म्हणणार आहे. मी स्विंगच राहणार आहे. बाबांना फोन करून सांगितलं.

"दोन वाक्यं आहेत गं," ते म्हणाले. "तुझी आई एका वाक्यासाठी कुठकुठे गेली असती."

"बाबा, मला तीच वाक्यं रोज म्हणता येणार नाहीत. वेड लागेल मला."

"वेड लहानपणापासून आहे. युनि झालं, डार्विन झालं, आंबे झाले. आता आयतं एक मिळतंय तर ते धरायला काय होतं?"

"मी धरलंय. हेच धरलंय."

"हे म्हणजे रिप्लेसमेंट. आईला काय वाटलं असतं?"

हा प्रश्न त्यांनी मला विचारला आणि मी तुला लिहायला बसले. विचारायला नव्हे, सांगायला. तू जे बोललीस ते मेकअपरूममध्ये, दमलेली असताना, लोकांचा तो आवाज नुकता कानावरून गेलेला असताना बोललीस. ते खोटं नव्हतं. पण पोळ्या लाटताना फोन वाजला की तुझा चेहरा कसा व्हायचा ते मी ओट्याच्या उंचीवरून बघितलंय, तू नाही बघितलंस. दिवसभर पतपेढीत बसून तुझी पाठ वाकलेली असायची, ती ताठ व्हायची. "उद्याच?" हे तू ज्या आवाजात विचारायचीस तो आवाज माझ्या किंवा बाबांच्या वाट्याला कधी आला नाही. एका रात्रीत आख्खं नाटक पाठ करणारी बाई सगळ्या गावात तू एकच होतीस, आणि तुला ते माहीत होतं. तुझं नाव पेपरात आलं नाही याचं दुःख होतं, मान्य. तुला दुसरीचे कपडे आणि दुसरीचं हसू घालायला लावलं, हे तर वाईटच होतं. पण काम वाईट नव्हतं गं. एका जागी न टिकणं हा माझा रोग आहे असं सगळे म्हणत आले. इथे त्याच रोगाचा मला पगार मिळतो, कारण मला नऊ ठिकाणी टिकावं लागतं आणि कुठलं ते आयत्या वेळी कळतं. दोन वाक्यांच्या बाईला हे मिळणार नाही. मी हट्टानं म्हणतेय असं वाटेल, तर वाटू दे. तुझाच आहे तो.

हे पत्र टाकायची कुठली पेटी नाही, आणि बाबांच्या हाती ते लागू देणार नाही, त्याला कारण आहे. त्या बुधवारी त्यांनी फोनवर विचारलं, "स्टेजवर आईची आठवण आली असेल ना?" मी म्हटलं, "हो, खूप." ते बराच वेळ नाक शिंकरत राहिले. आई, आली नव्हती. तिसरी शिडी, डावा पाय, चादर, सहा नंबर, एवढंच होतं डोक्यात. पडदा पडेपर्यंत तू एकदाही आली नाहीस, आणि मला इतकं मोकळं कधी वाटलं नव्हतं. बाबांना हे कळलं तर वाईट वाटेल. तुला वाटणार नाही असं मला वाटतं. वाटलं, तरी सोमवारचं उत्तर तेच.