फोल्डरची तारीख आणि सांगलीची फाउंड्री

२ नोव्हेंबर १९९८, सातारा
जानेवारीत सिस्टिम्स मॅनेजरची जागा भरणार. माझ्याशिवाय आहे कोण? मी काय काय केलं, याची नोंद निदान माझ्याकडे तरी हवी. आज इथल्या डिझाइन ऑफिसचा सर्व्हर आणि सांगलीच्या फाउंड्रीचा सर्व्हर जोडले. इथे पंपाचं ड्रॉइंग बदललं की टेलिफोन लाइनवरून तिकडे आपोआप बदलतं. जनरल मॅनेजर लालासाहेब नुसतं ‘बरं’ म्हणाले. या कंपनीत कौतुकाला बजेट नाही.

९ नोव्हेंबर
डिझाइनवाले एकाच पंपाचे दोन फोल्डर ठेवतात. ‘फायनल’ आणि ‘फायनल न्यू’. कधी यात दुरुस्ती, कधी त्यात. सर्क्युलर काढलं: ज्या फोल्डरची तारीख नवी, त्यातलं ड्रॉइंग खरं. आत शिरून बघू नये. प्रश्न मिटला.

१३ नोव्हेंबर
सांगलीहून अफताबचा फोन. फाउंड्रीची ड्रॉइंग्ज तो बघतो. म्हणाला, साहेब, तुमच्याकडे नवा कुठला? मी म्हणालो, ‘फायनल न्यू’. तो म्हणाला, आमच्याकडे ‘फायनल’ नवा दिसतोय. मी म्हणालो, तुमचं घड्याळ चुकलंय. तर म्हणे, सकाळीच रेडिओवर लावलंय. उद्धट! सर्क्युलर वाच म्हणालो आणि फोन ठेवला.

२० नोव्हेंबर
फाउंड्रीने पंपांचा अख्खा लॉट जुन्या ड्रॉइंगवरून ओतला. बोल्टची भोकं जुळत नाहीत. बिराप्पा मिस्त्री फोनवर लालासाहेबांना म्हणाला, “आवं सायेब, झाकण बसतच न्हाई. लय ठोकून बगितलं.” माझी यात काहीच चूक नाही. मी तारीख बघा म्हणालो होतो. त्यांनी चुकीची तारीख बघितली.

२१ नोव्हेंबर
रिपोर्ट दिला: अफताबने सर्व्हरच्या घड्याळाशी छेडछाड केली असावी. ‘असावी’ लिहिलंय. मी अन्याय करत नाही. लालासाहेबांनी त्याला सस्पेंड केलं. शरयूने विचारलं, तू ते घड्याळ बघितलंस का? बायकोला टेक्निकल गोष्टी सांगू नयेत.

२४ नोव्हेंबर
सांगलीला जाऊन आलो. घड्याळ बरोबर निघालं. जाता जाता अफताबनेच दुरुस्त केलं असणार. साताऱ्याहून एक जुना फोल्डर पाठवायला लावला. तिथे उतरला तो आजची तारीख लावून! आतल्या फाइलींच्या तारखा मात्र जुन्या, जशाच्या तशा. पुन्हा केलं. पुन्हा तेच. डोकं तापलं.
गेटवर अफताबची आई उभी होती, रहिमतबी. म्हणाली, “पोरानं काय केलं वो सायेब?” चौकशी चालू आहे म्हणालो. त्या नादात एसटी चुकली. वैताग.

२७ नोव्हेंबर
पुण्याला सॉफ्टवेअरवाल्यांना फोन. म्हणाले, फोल्डर त्या सर्व्हरवर जेव्हा पोचतो तेव्हाची तारीख त्याला लागते. लाइन तुटली आणि जुना मागून पोचला, तर जुनाच नवा दिसणार. फाइलीची तारीख बघायची. दोष नाही, असंच असतं.
असंच असतं, तर आधी सांगायला काय झालं होतं?
लालासाहेबांना सोमवारी सांगणार. सोमवारी मीटिंग असते. मंगळवारी.

४ डिसेंबर
सांगायचा मूड नव्हता त्यांचा.

११ डिसेंबर
डिझाइनमधल्या ज्ञानदाने जुना फोल्डर पाठवायचा हाच प्रयोग लालासाहेबांच्या समोर करून दाखवला. म्हणाली, “अफताबचा दोष नाही सर. सर्क्युलरच चुकीचं होतं.” काल आलेल्या पोरी! लालासाहेब माझ्याकडे बघत राहिले. मी म्हणालो, मी हेच सांगणार होतो. खरंच सांगणार होतो.

१८ डिसेंबर
अफताबला परत बोलावलं. त्याने कोल्हापुरात नोकरी धरलीय. येणार नाही म्हणाला. निष्ठा म्हणून काही राहिलेलीच नाही.

५ जानेवारी १९९९, सांगली
मॅनेजर ज्ञानदा झाली. मला अफताबच्या खुर्चीवर पाठवलं. टेबलावर ही एवढी काळी धूळ. ही बदली तात्पुरती आहे. तसं कुणी म्हणालेलं नाही, पण असणारच.
दुपारी बिराप्पा स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाला, “सायेब, ह्यातलं कंचं वतायचं?” दोन्ही फोल्डर उघडून बघितले. दोन्हींतल्या फाइलींची तारीख एकच. ज्ञानदाला विचारणं शक्यच नव्हतं. कोल्हापूरचा नंबर मिळवून अफताबला फोन लावला. त्याने माझं नाव ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.
बिराप्पा अजून उभाच होता.