दहावा सूचक

३ नोव्हें., सोमवार
शाळा सुटल्यावर यादी घेऊन पुन्हा गल्लीत. बीएलओचं, मतदार यादी तपासायचं काम म्हणजे उन्हात दुसऱ्यांची दारं वाजवणं. मला आवडतं, पण हे शाळेत बोलायची सोय नाही. नावं तपासून झाली की म्हाताऱ्या माणसांना माझा एक जादा प्रश्न असतोच. पहिलं मत कुणाला दिलं? उमेदवाराचं नाव कुणालाच आठवत नाही, चिन्ह आठवतं. आज एक आजी म्हणाल्या, "पहिल्या टायमाला मालक म्हणले त्याच्यावर शिक्का मारला. दुसऱ्या टायमाला माझ्या मनानं. त्यांना अजून नाय सांगितलं." मालक शेजारीच बसले होते. कानानं अधू.

वही निम्मी भरली. आपल्या मतदारसंघाची सगळी इलेक्शनं, पण फक्त हरलेले. जिंकलेले चौकाचौकात फ्लेक्सवर असतातच. मुख्याध्यापक म्हणतात, "मॅडम, याचा उपयोग काय?" उपयोग असता तर सरकारनं आधीच कुणाला तरी नेमलं असतं.

५ नोव्हें.
मुकुंदवाडी स्टेशनजवळची गल्ली. युनूसचाचांचं घर. मी टाळत होते. मी दहावीला होते तोवर अण्णा आणि ते एका ताटात जेवायचे. मग एकाएकी बंद. का, ते आई शेवटपर्यंत बोलली नाही आणि अण्णांना प्रश्न विचारला की ते रेडिओ मोठा करतात.

चाचांनी शिलाई सोडली, पण मशीन अजून खिडकीशीच. मुलगा त्यांना पुण्याला नेतोय, कायमचं. तेवीसला, रविवारी. मतदार यादीतलं नाव तिकडं हलवायचा फॉर्म मीच भरून घेतला. सही करता करता म्हणाले, "मी बी उभा राहिलो होतो आमदारकीला. मालूम है बेटा?"

मालूम नव्हतं. "माझ्या हरलेल्यांच्या वहीत तुमचं नाव नाही," मी म्हणाले.

"कसा असन? छाननीतच फारम उडाला. अपक्षाला दहा सूचक लागतात, धाच्या धा इथलेच मतदार. दहावा इथला निघालाच नाय."
"दहावा कोण?"
"तुझा बाप."

चहा आला. मग म्हणाले, "लोकं बोलायचे, कचरू फुटला. हरलो असतो तर काय नव्हतं बेटा. कचरूनं मला हरू बी दिलं नाय."

६ नोव्हें.
अण्णा फुटले? जन्मभर एसटीत कंडक्टर, एका तिकिटाचा घोळ नाही. मन घेत नाही. आणि दुसरं, आम्ही घर कधी बदललंच नाही. मग अण्णा इथले मतदार नव्हते ते कसे? झोप नाही. मला ही खोड लहानपणापासून आहे.

९ नोव्हें., रविवार
गंगापूरपर्यंत एसटी, पुढं जीप. काकांकडं. ते एकदा ग्रामपंचायतीचे मेंबर झाले होते, काठावर. त्या वेळची मतदार यादी अजून पेटीत, लग्नाच्या फोटोखाली. त्यात अण्णांचं नाव, पुढं पेनची खूण.

काका म्हणाले, "आलता की. माझ्यासाठी नाव गावात फिरवून घेतलं व्हतं त्यानं. मत टाकलं, जेवला, दुपारच्या गाडीनं गेला."

हे चाचांच्या फॉर्मच्या आदल्या वर्षीचं. म्हणजे भावासाठी नाव गावाला नेलं आणि इकडून ते कमी झालं. अर्धं शहर हेच करतं. मी रोज असली नावं हुडकते आणि घरचंच दिसलं नाही. काखेत कळसा.

जीपमध्ये चेंगरून बसले होते, तरी लई हलकं वाटलं. अण्णा फुटले नव्हते. साधी चूक.

१० नोव्हें.
आनंदानं सांगायला गेले. "चाचांना सांगू का, चूक होती म्हणून?"
अण्णांनी रेडिओ बंद केला. "नको."
"का?"
"चूक नव्हती."
उठून गच्चीवर गेले. जेवायला बोलावलं तर भूक नाही.

१३ नोव्हें.
बोलत नाहीत. मीही विचारत नाही. म्हणजे आज दोनदाच विचारलं.

१६ नोव्हें., रविवार
मेथी निवडताना आपणहून. बोलले तसं लिहिते.

"मला वाटलं, नाव दोन्हीकडं असंल. सगळ्यांचं असतंय. सही केली त्याच सांजेला शाळेत नवी यादी लावली. बघितली तर नाव नाय. फारम दुसऱ्या दिवशी द्यायचा होता."
"मग सांगायचं ना त्यांना."
"त्यानं दुसरा माणूस आणला असता."
"आणू द्यायचा."
"गल्लीभर सांगत व्हता तो, दहावी सही माझ्या भावाची. मी कसा म्हणू, माझी सही खोड अन् दुसऱ्याची घे? म्हणलं, कोण बघतंय यादी. सकाळी नाशिकच्या ड्युटीला निघून गेलो."

राग आला. एका सहीच्या मानासाठी? फुटले असते तर निदान वहीत लिहिता आलं असतं. मग त्यांच्या हाताकडं बघितलं, निवडलेली मेथी पुन्हा निवडत होते. राग राहिला, पण वाईटही वाटलं.

"त्याला तू सांग."
"मी नाही सांगणार. पुढच्या रविवारी जाणारेत ते."

२१ नोव्हें.
फॉर्मची पोच द्यायला चाचांकडं. सामान बांधलेलं. जाता जाता पहिल्यांदाच विचारलं, "कचरूची तबियत कशीय?" घरी येऊन अण्णांना तेवढंच सांगितलं. रेडिओ चालूच.

२३ नोव्हें., रविवार
सकाळी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून चपला शोधत होते. कुठं, ते मी विचारलं नाही. मी थोड्या अंतरानं मागं गेले.

चाचांच्या दारात टेम्पो, जवळजवळ भरलेला. अण्णा विजेच्या खांबापाशी थांबले. चाचांनी बघितलं. मुलाला हातानं खूण करून टेम्पोतल्या दोन खुर्च्या खाली काढायला लावल्या, भिंतीशी मांडल्या. अण्णा बसले.

मी कोपऱ्यावर. तोंडं हलताना दिसत होती, आधी अण्णांचं. दहा पावलं पुढं गेले असते तर सगळं ऐकू आलं असतं. जायचं लई मनात होतं. गेले नाही, गिरणीतलं दळण घेऊन घरी आले.

टेम्पो दहाला निघणार होता. साडेअकराला गच्चीवरून बघितलं, तिथंच उभा आहे.