तू न चढवलेला झेंडा

आई, आज झेंडावंदन आटोपून घरी आले तेव्हापासून हे लिहायला बसेपर्यंत बूड टेकलं नव्हतं. बोरगाव मेघेतलं हे तीन खोल्यांचं घर, त्यात उगाच इकडून तिकडे चालत होते. पोळ्या करायला घेतल्या, दोन करपवल्या. तू असतीस तर म्हणाली असतीस, "काय व, पायाले भिंगरी लागली का तुह्या?" तुला जाऊन अठरा वर्षं झाली. पण जे झालं ते दुसऱ्या कुणाशी बोलण्यासारखं नाही.

तू सरपंच झालीस ती लेडीज सीट निघाली म्हणून. गावातल्या चार माणसांनी बाबांना विचारलं, बाबांनी हो म्हटलं, आणि कापूस वेचून घरी आल्यावर तुला ते कळलं. पंचायतीत खुर्चीवर बाबा बसायचे, तू बायकांबरोबर सतरंजीवर, डोक्यावर पदर घेऊन. लोक बाबांनाच सरपंचसाहेब म्हणायचे, झेंडाही तेच चढवायचे, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. तिसऱ्या वर्षी तुझ्या मनात काय आलं कोण जाणे. पंधरा ऑगस्टच्या आधी आठवडाभर तू स्वयंपाकघरातल्या आढ्यावरून दोरी टाकलीस आणि बाबांच्या दुपट्ट्यात जास्वंदीच्या पाकळ्या गुंडाळून सरकगाठ मारायला शिकू लागलीस. मी चुलीजवळ अभ्यासाला बसले आहे आणि तू दोरी ओढते आहेस. पहिल्यांदा गाठ सुटतच नाही, दुसऱ्यांदा सगळ्या पाकळ्या तुरीच्या वरणात. आपण दोघी पोट धरून हसतो. "यंदा मीच चढवीन," तू म्हणतेस. मी विचारते, "अन् फसला त?" "फसला त फसला. काढीन न मी."

त्या सकाळी पंचायतीपुढे शाळेच्या रांगा होत्या आणि मी आठवीच्या रांगेत पुढेच उभी होते. मास्तरांनी सरपंचांना पुढे यायला सांगितलं. बाबा सवयीने निघाले, तूही निघालीस आणि हळूच म्हणालीस, "आज मले चढवू द्या." बाबा थांबले. एका शब्दानेही अडवलं नाही त्यांनी, हे मला पक्कं आठवतं, आणि त्याचाच जास्त त्रास होतो. तू दोरी हातात घेतलीस. माझ्यामागे वर्गातल्या दोघी खुसखुसल्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी रांग सोडून आले, तुझा हात धरला आणि म्हटलं, "आई, तू नको. बाबांना करू दे. सगळे हसून राह्यले." तू माझ्याकडे पाहिलंस आणि दोरी सोडून दिलीस. बाबांनी झेंडा चढवला, राष्ट्रगीत झालं, आम्हाला बुंदी मिळाली. घरी भाकर थापता थापता तू एवढंच बोललीस, "लोकाईचं मले काई नाई. तुले माही लाज वाटली." उरलेली दोन वर्षं तू त्या खांबाकडे फिरकली नाहीस.

आता मी ग्रामसेविका आहे. वर्ध्याला नव्या निवडून आलेल्या बायकांचं प्रशिक्षण असलं की मलाही बोलायला लावतात. पहिल्या वर्षी मी गेले तर नवरे सगळे दाराबाहेर उभे, कोणत्या कागदावर सही करायची ते खिडकीतून खुणावत होते. माझं डोकं फिरलं. त्या भरात मी बोलून गेले की माझ्या चौथी शिकलेल्या आईने भर गावासमोर दोरी हातात घेतली आणि झेंडा चढवला. टाळ्या पडल्या. मग दरवर्षी तीच गोष्ट, आणि दरवर्षी तिला थोडं मीठमसाला जास्त. दिवस बदलले आहेत, आई. आता काही जणी स्कुटीवर एकट्या येतात, वाचल्याशिवाय सही करत नाहीत, मलाच उलटे प्रश्न विचारतात. त्यांना ती गोष्ट फार आवडते. मी तरी काय करू?

आज झेंडावंदन माझ्या पंचायतीत होतं, हिंगणीकडच्या गावात. सरपंचबाई तिशीतली. तिचा नवरा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून खांबाजवळ आधीच येऊन उभा. तिने त्याला सांगितलं, "तुम्ही जरा बाजूले व्हा." तिने दोरी ओढली आणि झेंडा अर्ध्यावर अडकला. लोक हसले. तिने तो शांतपणे खाली घेतला, गाठ नीट केली, पुन्हा चढवला. सलामी देताना माझे डोळे भरून आले, समोरचं काही दिसेना.

नंतर ती चहा घेऊन माझ्याशेजारी बसली. म्हणाली, "मॅडम, तुमच्या आईची गोष्ट ऐकली होती म्हणून मी आज उभी राह्यली. घरचे नाई म्हणत होते, त्याचं काई नाई. पण माही पोरगीच म्हणे, आई, तू नको करू. लय लागलं मले. तुमच्या आईले असं कोणी अडवलं नाई का?"

तिची मुलगी तिथेच होती, बुंदी खात. मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, "नाही. कोणीच नाही."

तेव्हा मी तेरा वर्षांची होते, मला काय कळत होतं, असं आजवर मनाला समजावत आले. आज बेचाळीस वर्षांची आहे. हे पत्र खरं तर त्या सरपंचबाईला लिहायला हवं. तिला लिहायची हिंमत होत नाही, म्हणून तुला लिहिते आहे. तुला तर सगळं ठाऊकच आहे.