छापून येण्याआधीचा गुरुवार

भिलाई,
शुक्रवार, दुपार

प्रिय समीक्षा,

तुझा मेसेज परवा मिळाला. उद्या तू आमच्या मुलांशी बोलायला येतेस हे वाचून बरं वाटलं, आणि पुढचं वाचून ते बरं वाटणं तिथेच थांबलं. 'मी माझ्या पहिल्या चुकीबद्दल बोलेन,' असं तू लिहिलंस. खाली, जाता जाता सांगितल्यासारखं, की चॅनेलवाले तुला डेस्कवरून काढून रिपोर्टर करायला तयार आहेत, पण तू नाही म्हणणार आहेस, सोमवारी तसं कळवणार आहेस. कारण लिहिलं नाहीस. मला ते माहीत आहे. ते खरं नाही, हेही मला सात वर्षांपासून माहीत आहे. एवढं एकच सांगायला बसले आहे, पण सरळ सांगणं जमत नाही. थोडं इकडचं तिकडचं सहन कर.

पत्रकारिता विभाग आहे तसाच आहे. यंदा नऊ मुलं. दोन कॅमेऱ्यांपैकी एकाची बॅटरी वीस मिनिटांत मान टाकते. बातमी कशी लिहायची हे शिकवायला लागले की निम्मी मुलं माझ्याकडे अशी बघतात, जशी मी त्यांना जात्यावर दळायला बसवते आहे. त्यांचा मला राग येत नाही. मी थकले आहे ती स्वतःच्या आवाजाला. तीच वाक्यं, त्याच जागी घेतलेला श्वास. मराठीत बोलायलाही आता इथे कोणी नाही. तू असताना वर्गात हिंदी आणि जिन्यात मराठी, असं आपलं चालायचं. 'मॅडम, तुमची मराठी टीव्हीवाली हाये, आमची गोंदियाची ओरिजनल,' असं तू चिडवायचीस. खरंच होतं ते, आम्ही तीन पिढ्या इथे शेजारच्या दुर्ग शहरातले.

दर वर्षी ऑगस्टमध्ये मी वर्गात एक गोष्ट सांगते. एका विद्यार्थिनीने रसमड्याच्या एका कारखान्यातल्या अपघाताची बातमी आपल्या लॅब जर्नलसाठी, विभागाच्या सरावाच्या पेपरासाठी, केली. लाल तापलेली सळई पायावर येऊन एक कामगार भाजला होता. त्याला मालाच्या पिकअपमध्ये घालून दवाखान्यात नेलं आणि 'मोटारसायकलवरून पडलो' असं सांगायला लावलं. माहिती देणारे त्या मुलीचेच वडील. बातमीत त्यांचं नाव नव्हतं, पण बातमीवर तिचं होतं. आडनाव असं की साऱ्या कारखान्यात दुसरं नाही. वडिलांचं काम गेलं. म्हणून मुलांनो, माहिती देणारा ओळखू येईल अशी एकही खूण सोडू नका. तुझं नाव मी कधी घेत नाही. यंदा गोष्ट संपल्यावर टीना नावाची मुलगी म्हणाली, "पर मैडम, उसने अपना नाम डाला ही क्यों?" आणि मागून कोणीतरी म्हणालं, "फेमस होना था ना दीदी को!" सगळे हसले. मी त्यांना गप्प केलं नाही. हजेरी घ्यायला लागले.

तू नावासाठी हट्ट केला होतास, हे खरं आहे. 'डोंगरवार पूर्ण लिहा मॅडम, नुसतं समीक्षा नको.' एकवीस वर्षांच्या मुलीने पहिल्या बातमीवर नाव मागू नये तर काय करावं? तू तेव्हापासून कशावरही नाव घातलं नाहीस, दुसऱ्यांच्या बातम्या नीट करत बसलीस, आणि मी लोकांना सांगत राहिले की आमची समीक्षा फार नम्र आहे.

आता तो मंगळवार. बातमी तयार होती. ज्याच्याबद्दल लिहितो त्याचं म्हणणं घेतल्याशिवाय छापायचं नाही, हा माझा नियम. तू रसमड्याला जाऊन आलीस, गेटवरच्या गार्डने तुला आत सोडलं नाही. तू लायब्ररीत होतीस तेव्हा मी स्टाफरूममधून कारखान्यात फोन लावला. मॅनेजर बोलायला तयार झाला. 'तुमच्याकडे अपघात झाला का?' एवढा प्रश्न पुरेसा होता. पण त्याने 'ऐसा कुछ नहीं हुआ मैडम' म्हटल्यावर मला चेव आला. आमच्याकडे पक्की माहिती आहे हे मला दाखवायचं होतं. मी विचारलं, पिकअपमध्ये त्याचा पाय कोणाच्या तरी मांडीवर ठेवून नेला, आणि मोटारसायकलचं काय सांगायचं ते तुमच्या सुपरवायझरने त्याला गाडीच्या फाळक्याशी उभं राहून पढवलं, हे खोटं आहे का? त्याने कोणाला तरी दार लावून घ्यायला सांगितलं. मग अगदी शांतपणे म्हणाला, "मैडम, पीछे तो दो ही आदमी थे। एक तो अस्पताल में है।"

समीक्षा, ती मांडी तुझ्या बाबांची होती. मी फोन ठेवला आणि तुला येऊन सांगितलं की त्यांनी बोलायला नकार दिला. तू ते वाक्य बातमीच्या शेवटी जोडलंस. त्या दिवशी माझ्या डायरीत लिहिलं आहे: 'कारखान्यात फोन केला. बहुतेक चूक झाली.' त्या 'बहुतेक'वर मी सात वर्षं काढली. बातमी वाचूनही त्यांनी ओळखलं असतं, असं मी स्वतःला कितीदा तरी समजावलं. ओळखलंही असतं. पण ओळखलं ते माझ्या प्रश्नावरून.

आणि तारखा आहेत. आपला अंक शनिवारी छापून आला आणि सोमवारी वाटला. तुझ्या बाबांचा गेटपास गुरुवारी काढून घेतला होता. तुझं नाव अजून कागदावर उतरलंही नव्हतं. तुला हे कळलं नाही, कारण पुढचे आठ दिवस तुझे बाबा, केवलरामजी, रोज डबा घेऊन रुआबांध्याच्या घरून निघत आणि सुपेल्यात ओळखीच्या वेल्डिंगच्या दुकानात बसून संध्याकाळी परत येत. मला मात्र शुक्रवारीच कळलं. ते कॉलेजात आले होते. मॅनेजरने त्यांना 'तुम्हारी बेटी की मैडम का फोन आया था' असं तोंडावर सांगितलं होतं. मला वाटलं भांडायला आले. मी अंक थांबवते म्हणाले. त्यांनी हात जोडले. "नका थांबवू मॅडम. काम तं गेलंच. पोरीचं नाव पेपरात येऊन राहिलं, ते येऊ द्या. तिले सांगू नका, नाहीतं पोरगी छापूच देनार नाही." मला रडू आलं तर उलट मलाच म्हणाले, "कावून रडता? तुमी तं तुमचं काम केलं."

मी शब्द दिला. पुढच्या आठवड्यात त्यांनी घरी सांगितलं आणि तू माझ्यासमोर येऊन रडलीस, 'माझ्या नावानं खाल्लं बाबांचं काम,' म्हणालीस. त्या क्षणी तो शब्द मोडायला हवा होता. मी तुझ्या पाठीवर हात ठेवला आणि गप्प राहिले. त्यांना दिलेला शब्द पाळते आहे असं मनाशी म्हणत राहिले, पण त्या शब्दामागे मी स्वतः किती सोयीने लपले होते, हे तुला कळायला हवं. लपणं एकवेळ समजेल. त्याचा धडा करून दर वर्षी नव्या मुलांना तुझी चूक शिकवली, हे मलाही समजत नाही.

हे सगळं मी आपणहून लिहिलं असतं, असा समज करून घेऊ नकोस. तुझा मेसेज येऊन दोन दिवस झाले आणि मी तुला फक्त 'वाट पाहते' असं उत्तर पाठवलं. आज बाराच्या सुमाराला तुझे बाबा आले. तू रिपोर्टरचं काम नाकारते आहेस हे त्यांना काल फोनवर कळलं. खुर्चीत बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "मॅडम, आता माह्यानं होत नाही. ते आपल्याच नावाले भेऊन राहिली. मी सांगतो, तुह्या नावानं नाही गेलं काम, तं म्हनते, बाबा माह्या मनासाठी बोलून राहिले. तुमी लिहून द्या, मी घेऊन जातो." म्हणून कागदावर लिहिते आहे. ते बाहेर बाकावर बसले आहेत, मांडीवर पिशवी, चहा नको म्हणाले. चारच्या लोकलने रायपूरला येतील आणि हे तुझ्या हातात देतील. पाकीट चिकटवत नाही, वाटेत वाचा म्हटलं तर म्हणाले, "मले मालूम हाये ना सगळं. तिचं हाये, तिले वाचू द्या." उद्या तू आलीस किंवा नाही आलीस, पहिली पंधरा मिनिटं मी बोलणार आहे, टीनासमोर आणि मागच्या बाकांसमोर. तू माझ्याशी कधी बोलायचं, बोलायचं की नाही, ते तू ठरव. पण वाचून झालं की आधी त्यांना काही खायला दे, सकाळपासून उपाशी आहेत. मग जे विचारायचं ते त्यांना विचार. आणि त्यानंतर सोमवारी काय कळवायचं ते कळव.

तुझीच,
मीनल मॅडम