सहा वेळा न आलेली बोट

३ फेब्रुवारी
राजीनामा दिला. सतरा वर्षं एकाच मालिकेचे संवाद लिहिले, आठवड्याला चार भाग. पुरे. चौदाव्या वर्षी शाळा सोडलेली मी. 'तुमची नर्स माणसासारखी बोलत नाही' असं खरमरीत पत्र मालिकावाल्यांना टाकलं आणि त्यांनी मलाच लिहायला बसवलं. निर्माता डूगलला तोंडावर सांगितलं, तुझ्या त्या तीन भिंतींच्या हॉस्पिटलच्या सेटवर परत पाय ठेवणार नाही, आता सिनेमा. तो म्हणाला, नोएलीन, विचार कर. म्हटलं, तो तू कर, सवय होईल.
चांगलं वाक्य आहे. कुठेतरी वापरीन.

९ फेब्रुवारी
गोष्ट अशी. आमच्या न्यूझीलंडच्या पार दक्षिण टोकाला, स्टुअर्ट बेटावरची बाई. नवरा मासे धरायला गेलाय आणि त्याची बोट येत नाही. दिग्दर्शिका इमोजेन, वय तीस, हिला फार आवडली. पटकथा ऑगस्टमध्ये निधीवाल्यांकडे द्यायची. त्यांनी हो म्हटलं तर सिनेमा, नाहीतर काही नाही. म्हणजे सिनेमाच.
एक भाग मी दीड दिवसात लिहायचे. सिनेमा म्हणजे चार भाग. सहा दिवस.

१५ फेब्रुवारी, सकाळी ७
सहावा दिवस. लिहून झालं: 'बेट. वारा.'
अडचण माझी नाही, बाहेरची आहे. मालिकेत कोणी घराबाहेर जातच नाही, बाहेर शूटिंगला खर्च येतो. बाईला स्वयंपाकघरात आणली.
दुपारी १: चाळीस पानं.

२ मार्च
मर्वला वाचायला दिलं. नवरा आहे, वाचायलाच हवं. सगळे तिच्या स्वयंपाकघरातच का येतात म्हणे. मग कुठे जातील? गळ घेऊन निघून गेला. या माणसाला नाट्य कळत नाही.

११ एप्रिल
इमोजेन आली, रिकाम्या हाताने. मी भाजलेले सात स्कोन, लोण्याच्या गोड पावासारखे, खाल्ले. मग म्हणाली, "नोएलीन, पहिल्या वीस पानांत सहा जण येऊन तिला सांगतात की बोट आली नाही. तिला माहीत आहे गं."
"तिला आहे. टीव्हीसमोरची जी बाई मधेच उठून चुलीवरचे बटाटे बघायला गेली, तिला कुठे माहीत?"
"थिएटरात कोणी बटाटे बघायला उठत नाही."
सतरा वर्षं मी उठून जाणाऱ्यांसाठीच लिहिलं. नुसतं बसून राहणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही.
एकूण तिला आवडलंय, भूक लागली होती म्हणून चिडचिड. सहाचे पाच केले. पोस्टमन काढला. बिचारा छान बोलत होता.

२० मे
दहा पानं इमोजेन घरी घेऊन गेली होती, 'जरा बघते' म्हणून. एक पान परत आलं. त्यावर: 'ती समुद्राकडे बघते.'
किती वेळ, विचारलं. चार मिनिटं म्हणे. चार मिनिटांत मी एकदा लग्न, अटक आणि जुळी उरकली होती. तसं सांगितलं. तिने वहीत टिपून घेतलं. पोरगी शिकतेय.

१६ जून
धाकट्या बहिणीला, रेविनला, फोन केला. पहिल्या खेळाच्या चाळीस खुर्च्या मी धरणार, तू टिमारूहून ये. ती म्हणाली, आधी लिहून तर होऊ दे गं बाई. हिला माझं काही बघवतच नाही.
इमोजेन आता तिच्याच घरी लिहिते, मला त्रास नको म्हणून. समजूतदार आहे.

२८ जुलै
इमोजेनचा तीन आठवडे फोन नाही. म्हणजे काम जोरात.
रात्री फोन आला. पोलीस काढला, शेजारीण काढली. सासूचं दीड पानी भाषण काढलं, सासू फक्त दारात उभी राहील. दारात उभं राहायला नटी कशाला लागते? मी राहीन.

३० ऑगस्ट
पटकथा पास झाली. इमोजेन धावत आली, गळ्यात पडली. निधीवाल्यांना शेवटची वीस मिनिटं विशेष आवडली म्हणे, ज्यात कोणी तोंड उघडत नाही. माझं नाव पडद्यावर येणार: 'मूळ कथा'.
ओट्याशी उभ्या उभ्या सगळी वाचली. विचारलं, "माझं एक तरी वाक्य राहिलंय का यात?"
ती बराच वेळ पानं उलटत राहिली. मग बोट ठेवून म्हणाली, "हे बघ. 'बोट आली नाही.' हे तुझं आहे."
"पाचही वेळा?"
"एकदाच."
ती ओळ मी तीनदा वाचली होती, ते तिला सांगितलं नाही. अक्षर बारीक होतं, दुसरं काय.
ती गेली. मर्वने विचारलं काय झालं. सांगितलं. तो तेव्हा हात धूत होता, म्हणून परत सांगितलं.

४ सप्टेंबर
डूगलला फोन. काय बोलायचं ते आधी पानभर लिहून काढलं होतं: सिनेमा उत्तम झालाय, पण टीव्हीला माझी गरज आहे, फक्त प्रदर्शनापर्यंत येईन, अटी माझ्या.
त्याने फोन उचलला. "नोएलीन? काय गं, कशी आहेस? सिनेमाचं काय झालं?"
पान हातात होतं. पहिलंच वाक्य तोंडातून निघेना. त्याच्याकडे कुठेतरी किटली शिटी वाजवत होती, ती पण कोणीतरी बंद केली.
मग म्हणाला, "बरं, बरं. सोमवारी ये."
काय कळलं त्याला देव जाणे. मी तर एक शब्द बोलले नव्हते.