बावीस हत्ती उभे करताना

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. वही मुंगीची, मागची पानं कोरी होती म्हणून घेतली. मुंगी म्हणजे माझी नात, वय चार.

काल जेवताना चिरंजीव म्हणाले, बाबा, मुंगीला शाळेतून आणायला व्हॅन लावू या. विचारलं, मी काय मेलोय? सूनबाई म्हणाली, तसं नाही बाबा, तुमची दगदग वाचेल. दगदग कसली? पावणेबाराला निघतो, बाराला शाळा सुटते, सव्वाबाराला दोघं घरी. दिवसभरात मला तेवढंच एक काम आहे.

गेल्या महिन्यात एकदा दुसऱ्याच मुलीचं दप्तर आणलं, ते धरून बसलेत. दोन्ही दप्तरं गुलाबी होती. आणि एकदा माझा डोळा लागला, पाऊण तास उशीर झाला. पण मुंगी रडलीसुद्धा नाही. बाकावर बसून होती. टीचरनी शिकवलंय, घ्यायला कोणी आलं नाही तर जागेवरून हलायचं नाही. म्हणजे नुकसान काहीच नाही.

४ नोव्हेंबर
शाळेच्या फाटकावर नोटीस. शुक्रवारी १४ तारखेला आजी-आजोबांचा तास. विषय, सोपे प्राणी, चित्र आणि कागदकाम. लगेच नाव दिलं. टीचर म्हणाल्या, येतं ना तुम्हाला? म्हटलं, अडतीस वर्षं कागदातच काढली. खोक्यांचा कारखाना.

एकदा शाळेत आपलं वजन पडलं की व्हॅनचा विषय आपोआप बंद. रात्री चिरंजिवांना सांगितलं. ते म्हणाले, बाबा, तुम्ही गठ्ठे बांधायचात. हो, पण कशाचे बांधायचो? कागदाचेच ना?

५ नोव्हेंबर
सूनबाईच्या फोनवर व्हिडिओ पाहिला. एक बाई दोन मिनिटांत मांजर काढते. मोठा गोल, वर छोटा गोल, दोन त्रिकोण, मिशा. सोपं आहे.

मोठा गोल जरा जास्तच मोठा झाला. छोटा वर बसेना, शेजारी पडला. मुंगीला विचारलं, ओळख. म्हणाली, किटली. म्हटलं, नीट बघ, मिशा आहेत. म्हणाली, वाफ आहे ती.

मुलांची नजर अजून तयार झालेली नसते.

६ नोव्हेंबर
गोलासाठी वाटी वापरली. वाटी हलते. पेन्सिल हलकी आहे, त्यामुळे हात कापतो. ससा काढला. शेजारच्या बाई कात्री परत मागायला आल्या होत्या. म्हणाल्या, अरे वा, हातमोजा छान जमलाय.

निर्णय. चित्र रद्द. चित्रं काढणं जास्त शिकलेल्यांचं काम, मी सातवीपर्यंतचा. कागदकामावर जोर द्यायचा. कात्री अजून दिलेली नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार
जमलं.

कागद मधोमध दुमडायचा. घडी वर ठेवायची, ती हत्तीची पाठ. खालून अर्धगोल कापला की चार पाय. सोंड आणि कान डिंकाने. टेबलावर ठेवला. उभा राहिला. फुंकर मारली तरी उभा. चिरंजिवांना हाक मारून दाखवला. ते फोनवर होते, मान हलवली. पसंत पडला असावा.

मुंगीने त्याला बशीतून पाणी पाजलं, त्यात सोंड भिजली. मग म्हणाली, आजोबा, हा तू खरंच केलास? हो म्हटलं. सोंड बदलली.

१० नोव्हेंबर
खाली व्हॅनवाला आला होता. मुलीला कुठे उतरवायचं, घ्यायला कोण असेल, असं विचारत होता. म्हटलं, गरज नाही, शुक्रवारनंतर तो विषयच राहणार नाही. बरं आजोबा, म्हणाला आणि वहीत काहीतरी लिहिलं. समजूतदार माणूस. आमचं नाव खोडलं असणार.

११ नोव्हेंबर
वर्गात मुलं बावीस. चार वर्षांच्या मुलांच्या हाती कात्री द्यायला माझी छाती होत नाही. एखाद्याचं बोट गेलं तर? म्हणून धडं आपणच कापून न्यायची, मुलांनी फक्त सोंड आणि कान चिकटवायचे.

सकाळभर बसून बावीस कागद दुमडले. कडा वरखाली झाल्या. एकेक कातरत बसणं हे हौशी लोकांचं काम, कारखान्यात कधी असं पाहिलं नाही. तिथे गठ्ठा एकदम मशीनखाली जायचा आणि विटेसारखा बाहेर यायचा. म्हणून गल्लीच्या टोकाच्या बाइंडरकडे गेलो. म्हटलं, कडा मारून द्या, कापून सारख्या. त्याने गठ्ठा उलटसुलट करून पाहिला. म्हणाला, आजोबा, घडीची बाजूपण मारू? म्हटलं, चारी बाजू सारख्या पाहिजेत, अर्धवट काम मला चालत नाही. तो म्हणाला, बघा हं. म्हटलं, अडतीस वर्षं बघितलंय. मग त्याने मुकाट्याने मारून दिलं.

सुरेख गठ्ठा. हातात धरून घरी आणला, मध्ये दोनदा थांबून पाहिला.

१२ नोव्हेंबर
चार चार जोड्या एकत्र धरून पायांचे अर्धगोल कापले. अंगठ्याला फोड आली. पुन्हा गठ्ठा करून वर रबर लावला. उघडून पाहिला नाही, घडी मऊ पडते.

शेजारच्या बाई कात्रीसाठी येऊन गेल्या. उद्या नक्की.

१३ नोव्हेंबर
काळजी. मुलांनी डिंक खाल्ला तर? एखाद्याला हत्ती नको असला तर? टीचरनी इंग्रजीत काही विचारलं तर? सूनबाई म्हणाली, बाबा, किती घोर लावून घेताय, मुलं आहेत ती. तिला काय सांगणार? मी व्हॅनचं विचारलं. ती म्हणाली, शुक्रवार होऊ दे. म्हणजे तिचाही शुक्रवारवर भरवसा आहे.

शर्टाला इस्त्री केली. कॉलर राहिली.

१४ नोव्हेंबर, सकाळी ७
सगळं तयार. नमुन्याचा हत्ती चपलांच्या खोक्यात, गठ्ठा पिशवीत. मुंगीने वर्गात सगळ्यांना सांगून ठेवलंय म्हणे, माझे आजोबा हत्ती उभे करतात.

१४ नोव्हेंबर, दुपारी
लिहायला नको वाटतंय. पण रोजनिशीचा नियम म्हणजे नियम.

सुरुवात उत्तम झाली. नमुना टेबलावर उभा केला, मुलांनी टाळ्या वाजवल्या. मुंगी पहिल्या रांगेत ताठ बसली होती. म्हटलं, आता प्रत्येकाला एक हत्ती. रबर काढलं, वाटले. म्हटलं, हळूच उघडा आणि उभा करा.

उघडले. प्रत्येकाच्या दोन्ही हातांत एकेक. बाइंडरने घडीच कापून टाकली होती. बावीस हत्ती आणले होते, चव्वेचाळीस अर्धे निघाले. एकही उभा राहीना. मी म्हटलं, घाबरू नका, डिंक आहे. डिंकाने पाठ जोडायला गेलो तर माझी बोटंच जोडली गेली. एक मुलगा म्हणाला, माझा हत्ती मोडला. दुसरी म्हणाली, माझा मेला. त्यानंतर ओळीने सगळे रडायला लागले, गठ्ठ्यात एकावर एक ठेवल्यासारखे.

मुंगी रडली नाही. दोन्ही अर्धे एकमेकांना टेकवून उभे करत होती. ते पडायचे. ती पुन्हा टेकवायची.

टीचर म्हणाल्या, चला, कागदावर चिकटवू या, हत्ती झोपलाय. मग मुलं गप्प झाली. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. माझं काम पंधराव्या मिनिटालाच संपलं होतं. नमुना तिथेच राहिला.

चूक बाइंडरची. त्याने आणखी एकदा विचारायला हवं होतं.

१५ नोव्हेंबर
चिरंजीव माझ्या पलंगावर येऊन बसले. असे ते कधी बसत नाहीत. म्हणाले, बाबा, व्हॅन सोमवारपासून सुरू होतेय. गेल्या आठवड्यातच ठरलं होतं. मी उशीची खोळ सरळ केली. तेच म्हणाले, पण तुमचं काम आहेच की. बारा दहाला व्हॅन खाली येईल, तुम्ही आपल्या फाटकाशी उभं राहून तिला उतरवून घ्यायचं. घरी दुसरं कोणी नसतं. तुमच्यावरच आहे सगळं.

नीट विचार केला तर ही बढतीच आहे. ऊन नाही, चालणं नाही. संकल्प, बारा वाजल्यापासून फाटकाशी हजर. दहा मिनिटं आधीच.

शेजारच्या बाई स्वतः येऊन कात्री घेऊन गेल्या.

१७ नोव्हेंबर, सोमवार
पावणेबाराला पायात चपला घातल्या. फाटकाशीच जायचं होतं. मग वाटलं, अजून वेळ आहे, नमुन्याचा हत्ती तेवढा घेऊन येऊ. पाय सवयीने चालतात.

शाळेत पोचेपर्यंत बारा वाजून गेले, व्हॅन निघून गेली होती. वर्गाबाहेरच्या फळ्यावर बावीस झोपलेले हत्ती लावलेत. तेविसावा माझा. जो उभा राहत होता, तोही उघडून, सपाट करून चिकटवलाय. खाली नावाची जागा रिकामी आणि एक चांदणी. चांदणीवर छापलंय, छान प्रयत्न. बराच वेळ पाहत उभा होतो. शिपाई म्हणाला, आजोबा, तुमची नात गेली व्हॅनमधून. तेव्हा आठवलं.

पळत आलो. पळत म्हणजे जमेल तसं. एक वाजत आला होता. दाराला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. व्हॅनवाल्याने तिला शेजारच्या बाईंकडे सोडलं होतं. त्यांनी चिरंजिवांना फोन केला होता, ते ऑफिसातून आले होते. त्यांनी माझ्यासमोर हात पुढे केला. मी किल्ली दिली. त्यांनी ती शेजारच्या बाईंना दिली. उद्यापासून त्या उतरवून घेतील.

मुंगी त्यांच्या जिन्याच्या पायरीवर बसली होती. विचारलं तिने, आजोबा, तू हरवला होतास? म्हटलं, नाही गं, शाळेत होतो. म्हणाली, मग तुला घ्यायला कोण आलं? म्हटलं, कोणीच नाही.

ती म्हणाली, मग तिथेच बसून राहायचं असतं ना.